आवळा, कोहळा आणि घराचे मोल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेपुढे झालेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी आमच्यापुढे दोन विषय ठेविले आहेत. एक, सणासुदीला होणारे भोपळ्याचे धोंडस. दुसरा, आपल्या वडिलोपार्जित व राहत्या घरांची किंमत कशी ओळखावी. पहिला स्वयंपाकघरातला, दुसरा कागदपत्रांचा. ह्या दोहोंची सांगड कशी घालावी, अशी शंका कोणासही येईल. परंतु कोकणातील जुन्या घरांत भोपळे दोरीने बांधून आढ्यालाच टांगून ठेवीत, हे येथील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. तेव्हा भोपळ्यापासून आढ्यापर्यंतचा प्रवास काही फार लांबचा नव्हे.

प्रथम भोपळा. बाजारात तो कसा पारखावा हे आपणांस सांगावे लागत नाही. आकाराच्या मानाने जड, देठ वाळलेला, साल नखाने न दबणारी, असा भोपळा आपण निवडता. विक्रेत्याच्या स्तुतीवर विसंबत नाही. धोंडस मूळचे काकडीचे. परंतु गौरीगणपतीपासून दिवाळीपर्यंत घरात तांबडा भोपळा असतो, त्याचेही ते उत्तम होते. दोन वाट्या रवा तुपावर खमंग भाजावा. दोन वाट्या किसलेला भोपळा, दीड वाटी गूळ व चिमूटभर मीठ एकत्र शिजवून त्यात दोन वाट्या नारळाचे दूध व वेलदोड्याची पूड घालावी आणि मग रवा मिसळून अर्धा तास मुरू द्यावा. पूर्वी तूप लावलेल्या पातेल्यात हे मिश्रण ओतून खाली मंद निखारे व वर झाकणावर निखारे ठेवीत. आज ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण तास पुरतो. मात्र पूर्ण निवण्यापूर्वी सुरी लावू नये; उतावीळपणाने वडीही मोडते आणि व्यवहारही.

भोपळा घेताना आपण वजन सबंध फळाचे देतो. साल, बिया व आतील तंतू काढल्यावर जो गर उरतो तोच पातेल्यात पडतो. घराचेही असेच आहे. ‘सुपर बिल्ट-अप’ म्हणून जो आकडा सांगतात, त्यात जिना, लिफ्ट, दालने यांचा वाटा मिळविलेला असतो. आपला गर म्हणजे चटई क्षेत्र. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याची व्याख्या बांधून दिली आहे: घरातील आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची धरीत नाहीत. पुनर्विकासाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा एकच आकडा विचारावा आणि तो लेखी घ्यावा.

आता दराविषयी. सरकार वार्षिक मूल्यदर तक्ते प्रसिद्ध करते. लोक त्यास ‘रेडी रेकनर’ म्हणतात. ते मुद्रांक शुल्कासाठी आहेत. करारातील रक्कम व तक्त्यावरील मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर शुल्क बसते. परंतु बाजारभाव त्याहून वर असू शकतो, क्वचित खालीही असतो. खरा भाव जाणण्याचा मार्ग असा, की आपल्याच आळीत, आपल्याच रस्त्यावर गेल्या वर्षभरात झालेल्या तीनचार विक्रीखतांची सूची क्रमांक दोन पाहावी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. शेजारी काय म्हणतो यापेक्षा शेजाऱ्याचे घर कितीस नोंदले गेले, हे अधिक विश्वसनीय.

गावच्या घराची गोष्ट निराळी आहे. तेथे जुन्या कौलारू वास्तूपेक्षा बहुधा खालच्या जमिनीचेच मोल मोठे. रस्ता घरापर्यंत येतो काय, पाणी बारमाही आहे काय, पुराची रेषा कोठून जाते, यावर भाव चढतो वा उतरतो. २०२१ च्या जुलैमधील चिपळूणच्या महापुरानंतर हा शेवटचा प्रश्न कोणी हसण्यावारी नेणार नाही. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा कर आकारणीचा असतो. त्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील घरांचे ड्रोनने मोजमाप होऊन मिळकतपत्रिका देण्यात येतात. आपल्या गावी ते झाले असल्यास पत्रिकेवर कोणाकोणाची नावे लागली, हे समक्ष जाऊन पाहावे.

भगिनींनो, आता थोडे स्पष्ट बोलावे लागते. आपल्या भाषेत ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ अशी म्हण आहे. भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे साडीचोळीबरोबर हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि ‘येथे सही कर’ एवढेच सांगितले जाते, असे प्रसंग आपल्या कित्येक कुटुंबांत घडतात. वडिलोपार्जित मिळकतीत कन्येस पुत्राइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये व साऱ्या देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून दिला. त्या तारखेस वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निःसंदिग्ध केले. तथापि आमचे म्हणणे भांडा असे नाही. ज्या भावाने गावी राहून दरवर्षी कौले शाकारली, आईवडिलांची सेवा केली, त्यास बहिणीने आपला वाटा आनंदाने द्यावा. त्यात तिचा मोठेपणा आहे. परंतु किती देत आहोत हे जाणून दिले तरच ते दान होय. न जाणता दिले, तर पुढे कधीतरी भ्रमाचा भोपळा फुटतो आणि बहीणभावांत विळ्याभोपळ्याचे सख्य होते. भावांनीही हे ओळखावे, की मूल्य सांगून घेतलेली सही अधिक टिकाऊ असते.

म्हणून आमची सूचना अशी, की वाटणी, विक्री वा हक्कसोड यांपैकी काहीही करण्यापूर्वी नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी मूल्यांकन करून घ्यावे आणि ते सर्व वारसांसमोर वाचावे. घर २००१ पूर्वीचे असल्यास १ एप्रिल २००१ चे मूल्यही त्यातच मागावे. विक्रीनंतर भांडवली नफ्याच्या हिशेबास ते लागते. आणि ज्या भगिनी स्वतः घर घेणार असतील त्यांनी ध्यानात ठेवावे, की केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास २०२१ पासून आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

नव्या घराच्या दाराला आपण कोहळा टांगतो, तो दृष्ट लागू नये म्हणून. बाहेरच्या दृष्टीपासून कोहळा राखील. घरातल्या मनांत किल्मिष येऊ नये यासाठी मात्र सर्वांस ठाऊक असलेला खरा आकडाच उपयोगी पडेल. येत्या दिवाळीत सर्व भावंडे एकत्र जमतील तेव्हा धोंडस अवश्य करावे, आणि त्याच बैठकीत घराचे कागदही बाहेर काढावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.