घोड्याचे सामान घेताना



दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात माळेगावची. घोडा घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, भोवरेसुद्धा बघतो. खोगीर-लगाम मात्र उरलेल्या पैशात, निघता निघता घेतले जाते. वरातीची घोडी असो की मेंढरांबरोबर बिऱ्हाड वाहणारे तट्टू, पुढे वर्षभर त्याच्या पाठीवर जखमा दिसतात त्या या घाईच्या असतात.

आधी घोड्याला किती वजन झेपते ते काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि भागिले 11880. हे झाले अंदाजे वजन किलोत. घेर 150 आणि लांबी 140 असेल तर तट्टू सुमारे 265 किलोचे. त्याच्या पाचव्या हिश्शाएवढे, म्हणजे 53 किलो ओझे ठीक. यात खोगीरही आले बरं का! ओझ्याच्या जनावरांविषयी 1965 चे नियम आहेत, त्यांत तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त 70 किलो सांगितले आहे. तेव्हा जड, पितळी फुलांचे खोगीर शोभेला चांगले, पण लहान तट्टाला ते नको.

खोगीर दुकानात पसंत करू नका, घोड्याच्या पाठीवर ठेवून बघा. मानेच्या मुळाशी हाडाचा उंचवटा असतो. स्वार बसल्यावरही तो उंचवटा आणि खोगीर यांत दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. मागून वाकून बघितले तर कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. दुकानदार म्हणेल, खाली घोंगडी घाला म्हणजे बसेल. अरुंद बूट दोन मोजे घालून सैल होतो का? घरी आल्यावर तासभर फिरवून खोगीर काढा. सगळी पाठ घामाने ओली आणि मध्येच एक ठिपका कोरडा असेल, तर तिथे दाब पडतो आहे असे समजा. पुढे तिथले केस पांढरे येतात. जखम झाली तर धनुर्वाताची भीती. घोड्याला हा रोग लवकर जडतो. त्याची लस पशुवैद्यकाकडून टोचून घ्या.

चामडे दुमडून बघा, तडा जाता कामा नये. उलटी बाजू केसाळ, रेशेदार असते. कापड दिसले तर ते रेक्झिन. तंगाची आणि रिकिबीच्या पट्ट्यांची शिवण ओढून बघा, कारण स्वाराचा जीव तिथेच टांगलेला असतो. पितळी म्हणून दिलेल्या बकलाला लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, पावसाळ्यात गंजेल. रिकीब पायापेक्षा बोटभर रुंद असावी. आपल्याकडे चपला घालून बसायची सवय आहे. चपलेचा पाय रिकिबीतून पलीकडे जातो आणि घोडा उधळला तर माणूस फरफटत जातो. टाचेचा बूट घालावा.

काटेरी लगाम तर मुळीच घेऊ नका. त्याच 1965 च्या नियमांनी त्याला बंदी आहे. तोंड फाटलेला घोडा धड खात नाही, आणि लगामालाही जुमानत नाही. गुळगुळीत कडीचा लगाम घ्या.

आता खराऱ्याकडे वळू. लोखंडी खरारा फक्त मांसल भागावर चालवावा. पाय आणि तोंडाला नरम ब्रश किंवा रबरी खरारा. चमक आणणाऱ्या फवाऱ्यांच्या बाटल्या आता यात्रेत सर्रास मिळतात. वरातीच्या दिवशी मारायला हरकत नाही, पण खोगिराच्या जागी मारू नका, खोगीर सरकते. रोज पंधरा मिनिटे खरारा केला तर अंगचे तेल वर येऊन जी झळाळी येते, ती बाटलीत मिळत नाही. कपड्याच्या साबणाने धुऊ नका, कातडे कोरडे पडून खाज सुटते. घाम आल्यावर साधे पाणी पुरते.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. गोठ्यात बैलांच्या गोचिडासाठी अमिट्राझ आणलेले असते. तेच उरलेले घोड्यालाही लावले जाते. असे कदापि करू नका! अमिट्राझमुळे घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडते, पोटशूळ होऊन जनावर दगावू शकते. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. घोड्याच्या गोचिडाचे औषध पशुवैद्यकालाच विचारून आणा.

जुने सामान स्वस्त मिळते. चामडे-शिवण ठीक असेल तर घ्यायला हरकत नाही. पण जुना लगाम, तोबरा, ब्रश यांतून नायटा येतो, आणि ग्लँडर्ससारखा रोगही येऊ शकतो. तो माणसालाही होतो. लगाम उकळत्या पाण्यातून काढा, खोगीर पुसून उन्हात ठेवा. तोबरा मात्र नवाच घ्या, त्याला फारसे पैसे पडत नाहीत.