काच आणि पाखरे



शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा घराच्या खिडकीखाली कधी एखादा खंड्या अथवा बुलबुल मरून पडलेला आढळतो. अंगावर जखम नसते. म्हणून तो उन्हाने वा रोगाने मेला असावा, असा समज होतो. खरे कारण पुष्कळदा वरच असते. ते म्हणजे खिडकीची काच.

माणूस चौकटीवरून काच ओळखतो. पक्ष्याला मात्र तीत उमटलेले आभाळ आणि झाड खरेच वाटते व तो पूर्ण वेगाने झेपावतो. आघाताने डोक्यात रक्तस्राव होतो. उडून गेलेला पक्षीही पुढे कोठे तरी मरू शकतो. त्यामुळे हानी नजरेत भरत नाही.

अमेरिकेत डॅनिएल क्लेम या पक्षिशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास आरंभिला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार त्या देशात इमारतींवर आदळून दरवर्षी ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी मरतात. त्यांतील सुमारे ४४ टक्के मृत्यू साध्या, बैठ्या व दोन-तीन मजली घरांवर होतात; गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. एका घरी एकदोनच पक्षी मरतात, पण घरे कोट्यवधी आहेत. उपायही म्हणूनच घराघरांतून व्हावयास हवा.

उपाय परिणामकारक आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोतील मॅकॉर्मिक प्लेस या एका वास्तूपाशी सुमारे १,००० स्थलांतरित पक्षी मेले. २०२४ मध्ये तेथील काचांवर बारीक ठिपक्यांचे पटल बसविण्यात आले आणि मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले.

घरगुती उपाय अल्पखर्चाचे आहेत. काचेच्या बाहेरच्या बाजूस ५ सेंटिमीटर अंतराने ठिपके वा रेघा काढाव्यात. तात्पुरत्या कामाला साबणाची वडीही पुरते. डासांची जाळी बाहेरून लावल्यास दोन्ही हेतू साधतात. ससाण्याचे एकच चित्र चिकटविणे व्यर्थ होय. पक्षी त्याच्या शेजारून काचेवर आदळतो. उन्हाळ्यात पाण्याचे परळ खिडकीपासून एक मीटरच्या आत ठेवावे, म्हणजे पक्ष्याला उडताना घातक वेग येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर रात्री प्रवास करणारा नवरंग दिव्यांनी भांबावतो. अनावश्यक दिवे मालवावेत.

आदळलेला पक्षी भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांततेत ठेवावा. त्यास पाणी पाजू नये. तासा-दोन तासांत तो सावरला, तर मोकळ्या जागी सोडावा. अन्यथा वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात प्रत्येक शाळेने व ग्रामपंचायतीने आपल्या इमारतीच्या काचा बाहेरून पाहाव्यात. ज्या काचेत झाड दिसेल, तीवर प्रथम रेघा ओढाव्यात. पिकावरील किडी टिपणाऱ्या या पाखरांसाठी एवढे श्रम फार नव्हेत.