पाचवीत नेमकं कोण नापास झालं?

धुळे-जळगाव एसटीत असाल, अभ्यासिकेतून थकून निघाला असाल किंवा रात्रीची लाईट आली म्हणून शेतात मोटार चालू करून बसला असाल, तर दहा-बारा मिनिटं द्या. आज एका परीक्षेबद्दल बोलायचंय. एमपीएससी नाही, पोलीस भरती नाही. पाचवीची परीक्षा.

तुमच्यापैकी बरेच जण शाळेत होते तेव्हा आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवत नव्हते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात तसं कलमच होतं. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला आणि आपल्या राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. त्यात मूल नापास झालं तर पुन्हा एक संधी, फेरपरीक्षा. त्यातही नाही जमलं, तर त्याच वर्गात बसायचं.

आता माझा प्रश्न साधा आहे. पाचवीतलं दहा-अकरा वर्षांचं पोर नापास होतं, तेव्हा नेमकं कोण नापास झालेलं असतं?

कारण बघा, शिकण्याची जबाबदारी तिघांची आहे असं आपण भाषणात म्हणतो. विद्यार्थी, शिक्षक, पालक. पण निकाल लागला की वर्गात मागे राहतं ते एकटं पोर. गुरुजींची बदली होते, ते पुढच्या शाळेत जातात. पालक कपाशीत जातात. पोराचे मित्र सहावीत जातात आणि ते तिथेच. म्हणजे जबाबदारी तिघांची, शिक्षा एकाला. हा हिशोब मला पटत नाही.

आणि भांडण कसं चालतं ते आपल्या गावात सगळ्यांना पाठ आहे. शिक्षक म्हणतात, ‘घरी कुणी दप्तर उघडून बघत नाही, आम्ही एकट्यानं काय करायचं?’ पालक म्हणतात, ‘पगार घेता ना, मग शिकवा.’ पोरगं काहीच म्हणत नाही, ते खाली मान घालून उभं असतं. दोघंही अर्धं अर्धं खरं बोलतात आणि पोराचं पूर्ण वर्ष जातं.

मग कुणाचं काम काय, हे ठरवायचं कसं? गंमत म्हणजे बरंचसं कायद्यातच ठरलेलं आहे. आपण ते वाचत नाही एवढंच.

आधी शिक्षक. कलम २४ सांगतं की शिक्षकाने नियमित आणि वेळेवर यायचं, अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायचा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि गरज असेल त्याला जादा शिकवायचं. शिवाय पालकांच्या नियमित बैठका घेऊन हजेरी कशी आहे, प्रगती कुठवर आली, हे त्यांना सांगायचं. ‘प्रत्येक मुलाची’ हा शब्द लक्षात ठेवा. वर्गाची सरासरी सांगून भागत नाही.

पण शिक्षकाची बाजूही ऐका. कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा असो की पांझराकाठचं छोटं गाव, अनेक ठिकाणी दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. एका खोलीत पहिलीला अक्षरं आणि तिसरीला भागाकार, एकाच वेळी. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला लावायची नाहीत, असं कलम २७ म्हणतं. पण निवडणुकीचं काम हेच केवढं मोठं आहे! त्यावर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं.

खान्देशात शिक्षकांचा विषय निघाला की कुणीतरी साने गुरुजींचं नाव काढतंच. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृह सांभाळायचे आणि मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढायचे. रोज. अभिमान वाटायलाच हवा. पण त्यांचं नाव घेऊन आजच्या गुरुजींना टोमणा मारणं सोपं आहे. संत माणसाच्या भरवशावर व्यवस्था चालत नसते. साध्या, प्रामाणिक, थकलेल्या माणसालाही आपलं काम नीट करता यावं, यासाठी बाकीच्या दोघांनी आपापलं ओझं उचलायचं असतं.

आता पालक. शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं कलम १० सांगतं. संविधानातही २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलाला शिकण्याची संधी देणं हे आई-वडिलांचं मूलभूत कर्तव्य झालं. पण आपल्याकडे खरी अडचण नाव घालण्याची नाही, नाव तर पटावर असतंच. अडचण येते दिवाळीच्या सुमारास, कापूस वेचणी सुरू झाली की. वेचणीची मजुरी किलोवर. आई शेतात गेली की धाकट्याला सांभाळायला तिसरी-चौथीतली बहीण घरी. चाळीसगाव, साक्रीकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, पोरांसकट. जून ते ऑक्टोबर जे शिकलं ते मार्चपर्यंत पुसलं जातं.

इथे पालकांना नुसतं ‘जागरूक व्हा’ म्हणणं म्हणजे पोट भरलेल्याने उपदेश करणं. पण काही गोष्टी हक्काने मागता येतात. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळतं. ते जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवायचं, पोराला तिथे बसू देतात. गावातच आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मुलांना ठेवण्याचीही सोय शासनाच्या योजनेत आहे. निघायच्या आदल्या रात्री आठवून उपयोग नाही, दसऱ्याआधी शाळेत जाऊन विचारायचं.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. ‘आम्ही अडाणी, आम्ही काय बघणार अभ्यास?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित घरातच. त्यावर आपल्याकडे मोठं उत्तर आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी रचलं, मुलगा सोपानदेव आणि मावसभावाने ते उतरवून घेतलं, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक आलं आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की आईकडे अक्षर नसलं तरी भाषा असते. आणि लहान मूल वाचायला शिकतं ते आधी ऐकलेल्या, बोललेल्या भाषेवरच. रात्री भाकरी थापताना आईने ‘आज साळामा काय शिकना रे?’ एवढं विचारलं आणि पोराने अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत जे सुचेल ते सांगितलं, तर तो अभ्यासच आहे. पोराला आठवावं लागतं, क्रम लावावा लागतो, समोरच्याला कळेल असं सांगावं लागतं. आणि घरी कुणीतरी वाट बघतंय हे कळलं की वर्गातही कान उघडे राहतात.

२०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात राज्यभर माता गट तयार झाले, ते याच भरवशावर. शेजारच्या चार-पाच आया एकत्र, त्यांना छोट्या छोट्या कृतींची आयडिया कार्डं. घरातल्या वाट्या मोजा, पानं लहान-मोठी लावा. वाचता येणारी एक आई पुरते.

आणि शाळा व्यवस्थापन समिती! तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. पण पुष्कळ ठिकाणी सभा म्हणजे सहीचं रजिस्टर घरोघर फिरतं. मजूर बाईला सकाळी अकराची सभा ठेवली तर ती रोज बुडवून येईल का? सभा संध्याकाळी ठेवा, ही साधी मागणी पालकांनी करायची असते.

गाव ठरवलं तर करतं, हे धुळ्याने दाखवलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये बँकिंगमध्ये असलेले मूळ धुळ्याचे हर्षल विभांडिक गावोगाव सभा घेत फिरले. लोकवर्गणी आणि त्यात त्यांची भर, असं करत जिल्ह्यातल्या अकराशेच्या वर जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्या. शाळा सरकारची आहे म्हणत हात झटकणारी गावं नव्हती ती. पण मला वाटतं पुढची पायरी अवघड आहे. स्क्रीन एकदा बसवला की बसवला. वाचन मात्र दर आठवड्याला बसवावं लागतं, आणि त्यासाठी पैसे नाही, वेळ लागतो.

राहिला विद्यार्थी. आठ वर्षांच्या पोराची जबाबदारी किती? माझं मत स्पष्ट आहे: त्याच्या वयाएवढीच. रोज यायचं, प्रयत्न करायचा आणि समजलं नाही तर हात वर करून ‘नाही समजलं’ म्हणायचं. हे तिसरं सगळ्यात कठीण. कारण ते म्हटल्यावर वर्ग हसला किंवा सर ओरडले, तर पोर पुन्हा कधी म्हणणार नाही. म्हणजे मुलाला जबाबदारी देण्याआधी ती पेलता येईल अशी जागा मोठ्यांनी करायची असते. तशी जागा नसेल, तर पोराला आळशी म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

आता तुम्ही. हो, ऐकणारे तुम्ही. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज घरात वाचून कोण दाखवतं? तुम्हीच. मोठा भाऊ, ताई, काका, आत्या. घर आणि शाळा यांच्यामधला पूल तुमच्या हातातल्या फोनवर आहे.

म्हणून एक काम सांगतो. या रविवारी घरातल्या किंवा गल्लीतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलाला जवळ बसवा. दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या, नसेल तर बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं. एक गोष्ट वाचायला द्या. अडला तर छोटा परिच्छेद. तोही नाही जमला तर सुटे शब्द, मग अक्षरं. ‘असर’च्या पाहणीतही साधारण अशाच पायऱ्या असतात. २०२४ च्या त्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्केच दुसरीचा मजकूर वाचू शकत होते. तेव्हा आपलं पोर अडलं तर आभाळ कोसळलं नाही, पण दुर्लक्षही करू नका. मग हातच्याची एक वजाबाकी द्या. रागवायचं नाही, चारचौघांत करायचं नाही, दहा मिनिटांत आटपायचं.

मग शाळेत जा आणि सरांना, मॅडमना नेमकं सांगा. ‘त्याला काही येत नाही’ असं नाही. ‘साधे शब्द वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो’ असं. किंवा ‘वजाबाकी येते, हातचा विसरते’ असं. पहिल्या वाक्यावर भांडण होतं. दुसऱ्या वाक्यावर शिक्षकाला सोमवारी काय करायचं ते कळतं, आणि तुम्हाला घरी काय करायचं ते विचारता येतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, वीस-वीस मिनिटं. महिन्याने तीच गोष्ट पुन्हा वाचायला द्या, फरक दिसेल. नाहीच दिसला, तर परत जाऊन बोला. कलम २४ हातात आहे, पण आवाज चढवायची गरज नाही.

पाचवीचा निकाल मे महिन्यात लागतो. पण पोर कुठे अडलंय हे ऑगस्टमध्येच कळू शकतं, कुणी विचारलं तर. रविवारी विचारा, आणि काय दिसलं ते मला व्हॉइस नोटवर कळवा. पोराचं नाव नको, शाळेचं नको. फक्त कुठे अडलं आणि तुम्ही काय केलं, एवढंच. पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटूया.