घोड्याच्या सहवासातला उपचार
युद्धाचा आघात सोसलेल्या अनेकांना तो प्रसंग पुन्हा सांगणेच असह्य होते, आणि उपचार अर्ध्यावर सुटतो. घोडा काही विचारत नाही. पण शिकाऱ्यांच्या भीतीत घडलेला हा प्राणी माणसाच्या ताठरलेल्या हालचालीनेही बिचकतो, आणि त्याला जवळ आणायचे तर आधी स्वतः शांत व्हावे लागते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आघाताने त्रस्त ६३ माजी सैनिकांना ८ आठवडे, दर खेपेस दीड तास, स्वार न होता घोडे हाताळायला दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिकांची लक्षणे ठळकपणे कमी झाली आणि फार थोड्यांनी उपचार मध्येच सोडले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा गुण घोड्याचा की सोबतच्या सैनिकांचा, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून नेहमीचे उपचार थांबवू नयेत, हे खरे. पण त्या उपचारांपर्यंत पोहोचूच न शकणाऱ्यांसाठी ही वाट खुली ठेवायला त्या आक्षेपाने बाधा येत नाही.