तीन सामन्यांची शिक्षा
(बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर येथील दीक्षान्त भाषण)

पदवी प्रदान करताना विद्यापीठ विद्यार्थ्याच्या अभ्यासाची ग्वाही देते, मात्र त्याच्या स्वभावाला त्या तीन-चार वर्षांत कोणते वळण लागले याची नोंद गुणपत्रिकेत कुठेही नसते. ज्या वयात अंगची गुणवत्ता आणि अंगचा संताप एकाच वेळी उसळ्या घेत असतात, ते वय महाविद्यालयाच्याच आवारात सरते, आणि त्या दोहोंची ओढाताण वर्गापेक्षा मैदानावर अधिक उघडपणे दिसते. अशा गुणी आणि तापट विद्यार्थ्याशी संस्थेने कसे वागावे, हा आजच्या विवेचनाचा विषय असून त्यासाठी मार्कस स्मार्ट या अमेरिकी बास्केटबॉलपटूची महाविद्यालयीन कारकीर्द निवडली आहे, कारण तिच्यात हा प्रश्न आडपडदा न ठेवता समोर आला.

बास्केटबॉल हा खेळ 1891 साली स्प्रिंगफील्ड येथील एका प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता यावा म्हणून रचला. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू असतात. त्यांपैकी गार्ड म्हणजे चेंडू खेळवत पुढे आणणारा, डाव मांडणारा आणि प्रतिपक्षाचा चेंडूधारी खेळाडू आला की त्याच्यासमोर सर्वांत आधी उभा ठाकणारा खेळाडू. उंचीने तो बहुधा संघात कमी असतो, त्यामुळे चपळाई, नजर आणि जिद्द यांवरच त्याची भिस्त असते. पहिल्या रांगेतील प्रेक्षक सीमारेषेपासून काही पावलांवर बसलेले असल्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द खेळाडूच्या कानावर पडतो, ही या खेळाची बाब पुढील घटनेच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

टेक्सासमध्ये वाढलेला स्मार्ट 2012 साली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संघात दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात ‘बिग ट्वेल्व्ह’ या विद्यापीठगटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या हंगामात त्याने सामन्यागणिक सरासरी 15.4 गुण मिळवले आणि जवळजवळ तीन ‘स्टील’ केले. स्टील म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातातला चेंडू नियमात राहून हिसकावणे. फेब्रुवारी 2013 मध्ये कॅन्ससच्या संघाला त्यांच्याच घरच्या मैदानावर 85–80 असे हरवल्यावर त्याने तिथल्या तिथे उलटी कोलांटी मारली. यजमानांच्या चाहत्यांना ते झोंबले, पण अठरा वर्षांच्या मुलाचा तो निखळ आनंदही होता. व्यावसायिक संघ त्याला पहिल्या काही क्रमांकांतच निवडतील असे बोलले जात असताना त्याने आणखी एक वर्ष विद्यापीठातच राहण्याचे ठरवले.

ते दुसरे वर्ष कसोटीचे निघाले. जानेवारी 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धच्या सामन्यात त्याने रागाच्या भरात राखीव खेळाडूंच्या बाजूची खुर्ची लाथाडली, आणि 8 फेब्रुवारीला लबक येथे टेक्सास टेकविरुद्ध सामना संपायला अवघी सहा सेकंद उरली असताना, प्रतिस्पर्ध्याला रोखण्याच्या धडपडीत तो टोपलीमागच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. उठता उठता एका प्रेक्षकाचे शब्द त्याच्या कानी पडले, तो वळला आणि त्याने दोन्ही हातांनी त्या माणसाला ढकलले. पंचांनी ‘टेक्निकल फाउल’ दिला. खेळातील धक्क्याबद्दल नव्हे, तर वर्तनाबद्दल दिल्या जाणाऱ्या दंडाला ही संज्ञा आहे. सामना 65–61 असा हातचा गेला. प्रेक्षकाने अपशब्द वापरल्याचे कबूल करून माफी मागितली, वर्णावरून काही बोलल्याचे मात्र नाकारले, आणि उरलेल्या हंगामात सामन्यांना न येण्याचे स्वतःहून जाहीर केले.

दुसऱ्याच दिवशी विद्यापीठगटाने स्मार्टला तीन सामन्यांसाठी निलंबित केले आणि त्यानेही सर्वांसमोर येऊन, कोणतीही सबब न सांगता, माफी मागितली. हा निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. शिक्षा लगेच झाली, ती मोजकी होती, तिची मुदत पहिल्याच दिवशी ठाऊक होती आणि तिच्यानंतर परतीची वाट मोकळी होती. बजाजनगरातून वाळूजच्या कारखान्यांत रुजू होणाऱ्या स्नातकांना स्थायी आदेश, म्हणजे कामगार आणि व्यवस्थापन या दोहोंना बांधून ठेवणारी लेखी सेवा-नियमावली, लवकरच परिचयाची होईल. लाइनवर सुपरवायझरशी शब्दाला शब्द लागला तर आरोपपत्र, चौकशी आणि मग शिक्षा असा क्रम तिच्यात असतो, तो याच कारणासाठी की शिक्षा देणाऱ्याचा राग शिक्षेत मिसळू नये. आपल्या महाविद्यालयांत मात्र बहुधा दोन टोके दिसतात: चांगला खेळाडू असेल तर आंतरविद्यापीठ स्पर्धा किंवा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव तोंडावर आल्याचे कारण सांगून सगळे पोटात घातले जाते, आणि तो डोईजड झाला की एके दिवशी संघातून कायमचा बाहेर काढला जातो. दोन्ही प्रकारांत त्या मुलाला स्वतःच्या चुकीचे वजन कळत नाही.

मोजक्या शिक्षेचीही किंमत संघाला मोजावी लागली. त्याच्याविना ओक्लाहोमा स्टेट तिन्ही सामने हरला आणि आधीचे पराभव धरता ओळीने सात सामने गमावले गेले. 22 फेब्रुवारीला स्मार्ट परतला तेव्हा समोर पुन्हा टेक्सास टेकचाच संघ होता, आणि या वेळी सामना 84–62 असा जिंकला गेला. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात गोंझागाकडून संघ हरला, तरी त्या सामन्यात त्याने 23 गुण, 13 रिबाउंड (टोपलीवरून उसळलेला चेंडू ताब्यात घेणे), 7 असिस्ट (सहकाऱ्याच्या गुणाला कारणीभूत ठरणारा पास) आणि 6 स्टील अशी कामगिरी केली. राग हेच अशा खेळाडूचे इंधन असते, तो काढला तर खेळही निघून जाईल, असे समजणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

राग नेहमीच निराधार असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले होते, आणि 1952 च्या निवडीत आपल्याला जाणूनबुजून गुण कमी दिला गेला अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी गिळली नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती मारली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची निकड पडली तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे त्यांनी मिळवलेल्या पदकाविषयी खूप लिहिले गेले आहे, पण आपल्या विद्यार्थ्याचा हट्ट हा उद्दामपणा नसून न्यायाची मागणी आहे, हे ओळखणारा प्राचार्य त्यांना लाभला होता, याकडे शिक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. स्मार्टला शिक्षा देणे आणि खाशाबांच्या पाठीशी उभे राहणे, ही दोन्ही कामे एकाच जातीच्या विवेकाची आहेत, आणि विद्यार्थ्याला जवळून ओळखल्याशिवाय यांपैकी कोणतेही जमत नाही.

स्मार्टने दोन वर्षांनी, पदवीपर्यंत न थांबता, विद्यापीठ सोडले. जून 2014 मध्ये बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले, आणि 2022 मध्ये तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. 1996 मधील गॅरी पेटननंतर हा मान मिळवणारा तो पहिलाच गार्ड. चाल करून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत आधीच पाय रोवून उभे राहायचे, त्याची धडक छातीवर घ्यायची आणि पंचांकडून फाउल त्याच्यावर लागू करून घ्यायचा, या डावपेचाला ‘चार्ज घेणे’ म्हणतात, आणि त्यात स्मार्टचा हातखंडा होता. धडक बसण्याआधी किंचित जरी पुढे झुकले, तरी तोच फाउल उलट बचाव करणाऱ्यावर लागतो.