दुभंगलेले मन आणि आपली जबाबदारी

(हिंगणघाट येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय व्यासपीठावर सहसा बोलला जात नाही. तो घरात, दार लावून, हळू आवाजात बोलला जातो. एखादी सून अचानक वेगळ्याच आवाजात बोलू लागते. ती स्वतःचे नाव दुसरेच सांगते, घरच्यांना ओळखत नाही. तासाभराने भानावर येते, तेव्हा मधल्या वेळेतले तिला काहीही आठवत नाही. वस्तीत लगेच कुजबुज सुरू होते, की हिच्या अंगात येते, हिला बाहेरचे लागले. असे का घडते आणि अशा वेळी आपण काय करावे, याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या वाडवडिलांनी घरातील देव नदी-विहिरीत सोडले आणि अंगात येणे, कौल लावणे, उतारा टाकणे यांना मूठमाती दिली. ही फार मोठी क्रांती होय. परंतु देव्हारा गेला म्हणून मनाचे दुखणे गेले असे होत नाही. आजही आपल्या घरात कुणाला असा त्रास झाला, तर दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण अंधार पडल्यावर लपूनछपून मांत्रिकाकडे जातात. बाकीचे म्हणतात, "आपण बौद्ध आहोत, भूतबित काही नसते, ही नाटक करते आहे." पहिल्या मार्गाने बाईला मार बसतो, दुसऱ्या मार्गाने तिची अवहेलना होते. दोन्हीकडे तिचे दुःख कुणी विचारात घेतलेले नसते. भूत नाही हे खरे आहे, आणि ती ढोंग करीत नाही हेही तितकेच खरे असू शकते. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

या आजाराला वैद्यकशास्त्रात डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. आपण त्याला दुभंगलेल्या ओळखीचा आजार म्हणू. पूर्वी यालाच बहुव्यक्तिमत्त्व म्हणत, १९९४ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने ते नाव बदलले. या आजारात एकाच व्यक्तीच्या ठिकाणी दोन किंवा अधिक वेगवेगळ्या ओळखी आळीपाळीने पुढे येतात. प्रत्येकीचे बोलणे, वागणे, आवडीनिवडी निराळ्या असू शकतात आणि मधल्या काळाची आठवण तुटते. याला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, समजणे चूक आहे. तो निराळा आजार असून त्याचे उपचारही निराळे आहेत.

मन असे का तुटते? फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ सालीच दाखवून दिले होते, की असह्य धक्क्याची आठवण मनाच्या इतर भागापासून अलग पडू शकते. या आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या पूर्वायुष्यात लहानपणी पुन्हापुन्हा झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घोर उपेक्षा आढळते. मोठा माणूस संकटातून पळून जाऊ शकतो. पाच वर्षांचे लेकरू कुठे पळणार? मग ते मनातल्या मनात पळते. हे माझ्यावर घडत नाही, दुसऱ्या कुणावर घडते आहे, असे त्याचे मन मानू लागते. त्या वेळी ही युक्ती त्याला जगवते, पुढे मात्र तीच आजार होऊन बसते.

सगळेच तज्ज्ञ या बाबतीत एकमताचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. उपचार करणाऱ्याने वा भोवतालच्या लोकांनी सुचवल्यामुळे अशा ओळखी वाढीस लागतात, असे काहींचे मत आहे. सिबिल या नावाने १९७३ साली अमेरिकेत गाजलेल्या पुस्तकावर पुढे याच कारणाने मोठा आक्षेप आला. या वादातून आपण एक धडा जरूर घ्यावा. समोरच्या माणसाला "तू कोण आहेस, आणखी कोण कोण आहे" असे खोदून खोदून विचारू नये. मांत्रिक नेमके हेच करतो. तो भुताला नाव विचारतो, गाव विचारतो, मागणी विचारतो, आणि दुखणे अधिक घट्ट होते.

भारतात दुसऱ्या ओळखीला बहुधा देवाचे, भुताचे किंवा मेलेल्या नातेवाइकाचे रूप मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दुभंगलेली ओळख आणि बाधेची अवस्था अशी दोन्ही निदाने शेजारी शेजारी दिलेली आहेत. मात्र एखाद्या समाजाच्या धार्मिक रिवाजाचा भाग म्हणून अंगात येत असेल आणि त्या व्यक्तीला त्यापासून त्रास नसेल, तर त्यास आजार म्हणू नये, असेही तेथे स्पष्ट केले आहे. निदान डॉक्टरांनी करावयाचे असते, ते शेजाऱ्यांचे काम नव्हे.

आपल्या विदर्भातलेच एक उदाहरण जगभर अभ्यासले गेले आहे. १९७४ च्या सुरुवातीस नागपूर येथील एक मराठी भाषक प्राध्यापिका उपचारासाठी एका ठिकाणी राहत होत्या व ध्यानाचा अभ्यास करीत होत्या. तेथे त्या अचानक बंगाली बोलू लागल्या. स्वतःचे नाव शारदा असे सांगू लागल्या, बंगाली सुवासिनीप्रमाणे वागू लागल्या आणि घरच्यांना ओळखेनाशा झाल्या. ही अवस्था कधी एकदोन दिवस, तर कधी कित्येक आठवडे टिकत असे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. इयान स्टीव्हन्सन आणि बंगलोरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. सतवंत पसरीचा यांनी याचा अभ्यास करून १९७९ साली निबंध लिहिला. पुण्याचे डॉ. वि. वि. अकोलकर यांनीही स्वतंत्र अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांचा कल पुनर्जन्माकडे होता. परंतु त्या बाईंना बंगाली वाचनाची थोडी ओळख आधीपासून होती आणि बंगाली साहित्याची ओढ होती, हेही नोंदलेले आहे, आणि भाषाशास्त्रज्ञांनी पुनर्जन्माच्या निष्कर्षावर आक्षेप घेतले. इतक्या दुरून आम्ही निदान करणार नाही. बाईंचे नाव पुस्तकांत छापलेले आहे, पण येथे ते घेण्याचे कारण नाही. या प्रकरणाची चर्चा निघाली, की शारदा खरी की खोटी, यावरच तासन्‌तास वाद रंगतो. ज्या बाईच्या आयुष्यातून आठवडेच्या आठवडे नाहीसे होत होते, तिला काय वाटत असेल, हा प्रश्न क्वचितच निघतो. आपल्या वस्तीतही नेमके असेच घडते.

विद्यार्थी मित्र विचारतील, की बुद्धाने आत्मा नाकारला, मग हे कोण बोलते? प्रश्न योग्य आहे. अंगातून अंगात शिरणारा आत्माच नसेल, तर मेलेल्या सासूचा आत्मा सुनेच्या अंगात शिरणार कसा? म्हणजे बाहेरून कुणीही आलेले नाही. जे बोलते ते त्या व्यक्तीचेच मन आहे. माणूस म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा प्रवाह, असे धम्म सांगतो. हा प्रवाह आपल्याला एकसंध वाटतो, त्याचे एक कारण आठवणींचा धागा होय. या आजारात तो धागा जागोजागी तुटलेला असतो. मात्र "अनात्मच आहे, तर आजार कसला?" असे म्हणणे हा धम्माचा विपर्यास ठरेल. अनात्माचे ज्ञान दुःखातून सोडवते, हा आजार दुःखात लोटतो.

अशा व्यक्तीशी कसे वागावे, याचा आदर्श आपल्याजवळ आहे. पटाचाराची कथा आपण वर्षावासात ऐकली असेल. पती सर्पदंशाने गेला, दोन्ही लेकरे गेली, आईवडील आणि भाऊ घर कोसळून गेले. तिचे भान हरपले, अंगावरचे वस्त्रही राहिले नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. ती जेतवनात आली, तेव्हाही लोक तिला अडवू लागले. तथागतांनी त्यांना थांबविले, तिला जवळ येऊ दिले आणि बहीण म्हणून भानावर येण्यास सांगितले. एकाने तिच्या अंगावर वस्त्र टाकले. धम्मोपदेश त्यानंतर झाला. हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी हाकलणाऱ्यांना थांबविणे, मग आपुलकीचा शब्द, मग अंगावर वस्त्र, आणि शेवटी उपदेश. आपण मात्र बहुधा उपदेशापासून सुरुवात करतो. हीच पटाचारा पुढे विनयात पारंगत भिक्खुणी म्हणून मान्यता पावली.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

त्रास सुरू असताना गर्दी हटवावी. शांत आवाजात तिचे नाव घेऊन आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, जवळ कोण आहे, हे सांगावे. पाय जमिनीला टेकवून बसवावे आणि ती सावध असेल तर पाणी द्यावे. तिला विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नये, कारण ज्याच्यावर लहानपणी अत्याचार झाला त्याला अचानक झालेला स्पर्शही भीतिदायक असतो. वाद घालू नये, थट्टा करू नये. विद्यार्थ्यांना विशेष विनंती, की मोबाईलवर चित्रण करू नका. तो एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

त्रास ओसरल्यावर तो केव्हा झाला, किती वेळ टिकला, आधी काय घडले होते, हे वहीत लिहून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. मिरगी, नशा किंवा मेंदूचा अन्य आजार नाही ना, हे आधी तपासावे लागते. आपल्या गावच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढची चिठ्ठी घेता येते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. नागपूरला शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरून बोलायचे असल्यास शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तेथे मराठीतही बोलता येते.

या आजाराचा मुख्य उपचार म्हणजे बोलण्यातून होणारी मानसचिकित्सा होय. आधी सुरक्षितता व स्थैर्य, मग हळूहळू जुन्या आघाताचा सामना आणि नंतर तुटलेले भाग जोडणे, अशा पायऱ्यांनी तो चालतो. गोळ्यांनी सोबतची उदासी, भीती, झोपमोड कमी होते, पण ओळख जोडणारी गोळी नाही. यास वर्षे लागू शकतात. २००७ च्या भूलभुलैया चित्रपटातील नायिका एका रात्रीच्या नाट्याने बरी होते, तसे प्रत्यक्षात होत नाही. लग्न लावून दिले म्हणजे सुधारेल, हाही भ्रमच आहे. त्यात दोन जीव भरडले जातात.

आपल्या समाजात विपश्यनेवर श्रद्धा आहे आणि ती असावी. तथापि अशा रुग्णाला डॉक्टरांना न विचारता दहा दिवसांच्या शिबिरास पाठवू नये. विपश्यना केंद्रे अर्जातच मानसिक आजाराची माहिती मागतात. ती लपवू नये.

आघाताची हकिगत कुणाकडूनही बळेच वदवून घेऊ नये. ती आपण होऊन सांगेल, तेव्हा ऐकावे आणि विश्वास ठेवावा. मात्र एखाद्या लेकरावर आज अत्याचार होत असल्याचे कळले, तर गप्प बसणे हा गुन्हा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. अत्याचार करणारा घरातला असला, तरी घराण्याची इज्जत लेकराहून मोठी नाही. जीव देण्याची भाषा कुणी केली, तर ती धमकी समजू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

भूत काढण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे ठरले आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर तो आला. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आणि उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला.

बंधु-भगिनींनो, आमची संस्थेला एक सूचना आहे. प्रत्येक विहारात दोन उपासिका व दोन उपासक यांनी पुढे यावे. अशा घरी बोलाविल्यावर जावे, दवाखान्याच्या दिवशी सोबत करावी, मजुरी बुडत असेल तर बसभाड्याची सोय करावी आणि जे ऐकले ते पोटात ठेवावे. रुग्णाची सेवा करणारी माणसेही थकतात. त्यांना एक दिवसाची उसंत मिळाली, तरी मोठे काम होईल. यासाठी कुणी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धी वापरायला शिकविले. त्याच धम्मात प्रज्ञेच्या जोडीला करुणा आहे. आपण प्रज्ञेने भूत नाकारले. आता ज्या माणसाला लोक भूत समजले, त्याच्याजवळ करुणेने जाऊन बसणे, एवढे काम बाकी आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!