किल्ली काढली तरी न थांबणारे इंजिन



मर्सिडीज-बेंझने १९७८ साली अमेरिकेत विकावयास आणलेल्या ३०० एसडी गाडीत ५ सिलिंडरांचे, ३ लिटरचे डिझेल इंजिन होते आणि त्यास टर्बोची जोड होती. या जुन्या गाड्यांच्या मालकांची एक विचित्र तक्रार असते : किल्ली काढून खिशात टाकली, तरी इंजिन आपले धडधडतेच आहे!

यात भुताटकी काही नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी तोडली की काम संपले. डिझेलला ठिणगी नसतेच. दाबाने हवा तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. म्हणजे थांबवायचे, तर इंधनच तोडले पाहिजे. या गाडीत ते काम निर्वाताकडे सोपविलेले आहे. इंजिनावर चालणारा एक पंप हवा शोषतो. किल्ली फिरविली की त्या शोषणाने पडदा ओढला जातो आणि इंधनाचा पुरवठा तुटतो.

आता गंमत पाहा. दारांची कुलुपेही याच निर्वातावर चालतात! दारातली रबरी नळी तडकली, तरी इंजिन थांबेनासे होऊ शकते. हे न जाणणारा कारागीर इंधनपंप खोलून बसतो आणि भुर्दंड मालकाला. त्यापेक्षा कुलुपांकडे जाणारी नळी काढून तोंड बुजवून पाहावे. इंजिन थांबले, तर दोष दारात.

वाल्व्हच्या फटी बिघडतात, साखळी ताणते. पण तो झिजेचा मामला. रबर मात्र गाडी नुसती उभी असली तरी कडक होते. आणि ब्रेकला जोर देणारा पंपही हाच, म्हणून ब्रेक जड लागला तर चालढकल नको.

तूर्त बॉनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेला दांडा दाबावा, इंजिन थांबते.